सप्टेंबरचे पाच शब्द

डोकं ठिकाणावर आहे का, असं लोक रागात विचारतात.
मी कागद बघून विचारते.
आज वार कोणता. आपण कुठे आहोत. शेवटचा गोल कुणाचा.
बाहेर सास्काटून, उणे एकतीस.
रिंकच्या मागे माझी खोली,
ओल्या हातमोज्यांचा आंबूस वास,
आणि बाकावर टेगन द्रोझ्द, जर्सी सतरा,
हेल्मेट मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं,
दुसऱ्या कुणाचं तान्हं मूल धरावं तसं.

मोसम सुरू होण्याआधी, सप्टेंबरात,
सगळ्या मुलींची एकदा मोजदाद होते.
पाच शब्द ऐका, दहा मिनिटांनी परत सांगा.
महिने उलटे म्हणा.
डोळे मिटून एका पायावर उभ्या राहा.
ही शाबूत डोक्याची नोंद;
पुढे मार लागलाच, तर हिच्याशी ताडून बघायचं.
टेगनला तेव्हा दोनच शब्द आठवले.
ऑगस्ट गाळला. तीनदा पाय टेकला, आणि हसली.
मला कळलं होतं.
सुरुवातीलाच कमी दाखवायचं,
म्हणजे नंतर कमी पडलं तरी खपून जातं.
जुन्या मुली नव्यांना शिकवतात हे,
बुटांच्या नाड्या कशा आवळायच्या त्याच्याबरोबर.
तरी मी लिहिलं: दोन.
डॉ. गार्डिपींच्या अभ्यासातली ती एक्केचाळिसावी ओळ.

आज दुसऱ्या सत्रात ती फळीवर आदळली.
आवाज लाकडाचा होता, असं मी स्वतःला सांगितलं.
उठली. आणखी अर्धा मिनिट खेळली,
शेवटी शेवटी चुकीच्या दिशेने.

मी पाच शब्द वाचले:
मेणबत्ती, गाजर, दोरी, खिडकी, वाळू.
दहा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाने घेतली.
दारात कोच उभी, तोंडात च्युइंगम, चावायची थांबलेली.
दोन आठवले असते तरी कागद म्हणाला असता, जाऊ दे हिला.

टेगन ताठ बसली.
लिंबू, ती म्हणाली. पूल. किल्ली. घोंगडी. बोट.
एका दमात, न अडखळता.
पाचही! कोच म्हणाली.

पाचही, हो.
सप्टेंबरचे.
ज्यातले तीन तिला तेव्हा आठवत नव्हते.

मी आजच्या रकान्यात शून्य लिहिलं.
उरलेला मोसम तिच्यापुरता त्या शून्यात मावला.
रात्री गार्डिपींना फोन करून विचारलं,
सप्टेंबरचे दोन खोडून पाच करता येतील?
ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, त्यासाठी रकाना नाही.
एक्केचाळिसावी ओळ आता अभ्यासातून वगळतील.

पण ते नंतर.
त्याआधी, स्ट्रेचर येईपर्यंत,
खोलीतला दिवा मी मालवला, कारण तो तिला टोचत होता,
आणि अंधारात तिने विचारलं,
आपला गोल कुणी मारला?
तूच, मी म्हणाले.
खरंच? म्हणत ती हसली.
चौथ्यांदा विचारत होती.
चौथ्यांदाही तितकीच खूश झाली.