पिवळी पट्टी

शेवटचं पाकीट. वरची तारीख
फेब्रुवारी, दोन हजार अकरा.
तेव्हापासून ते आमच्या फ्रिजमध्ये,
लोण्याच्या भांड्यामागे. आई दर दिवाळीला विचारते,
हे टाकू का?

दूध बाजार, डिसेंबरची सकाळ.
साडेआठ वाजले तरी शटरच्या कुलपाला हात लावावासा वाटत नाही.
शफीभाई घडीवाले फळीवर पाय वर घेऊन बसलेत.
कॅमेऱ्याचा खटका त्यांनीच जागा केला.
जुना सेल आता कुठे मिळत नाही,
म्हणून तीन पेन्सिल सेल, डाख दिलेली तार
आणि घड्याळाच्या पट्ट्याचा एक तुकडा.
पैसे?
"माझा एक काढ. बाकी नंतर बघू."

मागचं झाकण उघडते.
रुळांवर मागल्या खेपेचा लगदा वाळलाय,
तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसते.
कण राहिला तर चेहऱ्यावर देवी उठतात.
पाकीट बसवते, झाकण लावते,
काळा कागद बाहेर ओढते, एका दमात.
आत आता दहा चेहऱ्यांपुरता अंधार आहे.

भाता ताणते. "भिंग काढा ना डोळ्याचं."
"राहू दे. त्याच्याशिवाय मला ओळखणार कोण?"
खट्ट.
अडकित्ता मिटावा तसं.

आधी पांढरी पट्टी, मग पिवळी.
पिवळी तिरकी ओढली तर फाटते,
मध्येच थांबलात तर रेघ.
तीन पाकिटं नासल्यावर कळलं हे.

ओलं पाकीट काखेत, स्वेटरच्या आत,
पोराला थर्मामीटर लावावा तसं.
पंधरा सेकंद लिहिलंय, पण ते उन्हाळ्यातले.
थंडीत रसायन कंटाळा करतं.
"साठ धरू," मी म्हणते.
"मोजतो," शफीभाई म्हणतात.
समोरच्या भिंतीवर चाळीसेक घड्याळं, ज्याची त्याची वेळ,
ते एकाकडेही बघत नाहीत.
बोटांच्या पेरांवर मोजतात.
एकतिसाव्याला गिऱ्हाईक येतं, काटा अडकलाय म्हणतं,
त्याला हाताने थोपवतात.
बत्तीस.
तेहेतीस.
गल्लीतून दुधाचे कॅन खडखडत जातात आणि आकडा चुकत नाही.

साठ. कोपरा धरून सोलते,
उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसं.
नाकात तिखट वास.
डावीकडे नुसता धूर, रसायन तिथवर पोचलंच नाही.
कान गेलाय. भिंग आलंय.
दाढी आणि मागचा चुना मिळून एकच पांढरं.

"छान," म्हणतात, आणि फोटो मलाच परत देतात.

दुसरा भाग, ओला, लिबलिबीत, उलटा,
मी टोपलीकडे नेते.
"तो इकडे दे."
"फेकायचं असतं ते, शफीभाई. हाताला खाजतं."
पण त्यांनी पेपर पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार डायल ठेवलेत,
आणि वाकलेत, भिंग डोळ्याला,
बंद पडलेलं मशीन बघतात तसे, खूप वेळ.
गिऱ्हाईक अजून उभंच आहे.

"बघ,"
हनुवटीवर हात ठेवून म्हणतात,
"ह्यात अजून काळी आहे."