जिभेचं माप

सुवैकच्या पुढे हायवे सोडून समुद्राकडे वळलं
की मरहूनची बाग लागते.
बाग म्हणायची सवय, म्हणून बाग.
खजुरीचे एकशे चाळीस बुंधे,
त्यातल्या साठांना अजून डोकं आहे.

लिंबं आधी गेली, तो सांगतो,
मग आंबा, मग गुरांचा हिरवा गत,
मग गुरं.
विहीर मात्र कुठे गेली नाही.
पंप लावला की पाणी येतं
आणि पाण्याखालून समुद्र येतो
चपला हातात घेऊन, आवाज न करता.

माझ्याकडे मीटर आहे.
माती कालवायची, दांडी बुडवायची, आकडा वाचायचा.
सोळा.
मरहूनची आई शम्सा समोर उकिडवी बसते,
चिमूटभर माती जिभेवर ठेवते, थुंकते.
"समुद्राइतकी नाही," म्हणते,
"पण समुद्राची बहीण."
मी वहीत लिहितो : सोळा.

आमच्याकडे खाजण होतं, दाभोळच्या खाडीला लागून.
बांध फुटला की बाबा दोन पावसाळे नुसते थांबायचे,
आभाळ धुऊन द्यायचं जमीन, फुकट.
इथे कोणासाठी थांबायचं?
इथला पाऊस येतो एका दुपारपुरता,
रस्ता वाहून नेतो आणि जातो.

म्हणून कुजवायचं.
खजुरीच्या झावळ्यांचा भुगा, शेळ्यांच्या लेंड्या,
मासळीबाजारातली डोकी आणि आतडी,
आणि वर विकतचं गोडं पाणी, टँकरनं.
कोंबडीखत नको, त्यातच मीठ फार,
हे मी तीनदा सांगितलं.
स्वस्त मिळालं म्हणून मरहूननं एक ट्रक आणलाच.

ढीग उलटतो इमदादुल, नोआखालीचा.
त्याच्या गावी वादळ येऊन गेलं
की भात तीन वर्षं रुसतो.
जानेवारीच्या पहाटे ढिगातून वाफ निघते,
तो कोपरापर्यंत हात घालून शेकत बसतो.
"भाईसाब, ह्याला ताप आलाय," म्हणतो,
"मेलेल्याला ताप येत नाही."

पहिल्या वर्षी चौदा.
दुसऱ्या वर्षी पंधरा. (तो ट्रक.)
मरहून आठवडाभर माझ्याशी बोलला नाही,
जणू कोंबड्या माझ्या होत्या.
तिसऱ्या वर्षी आकड्याच्या आधी
कुदळीचा आवाज बदलला.
पूर्वी पाणी दिलं की वर पांढरी पापडी धरायची,
घाव घातला की ठण्ण.
आता काहीतरी ऐकून घेतल्यासारखं
हं.

नऊ.
नवात खजूर सुखानं जगते. गतही रडतखडत येईल.
मी अहवाल लिहायला घेतला
आणि शम्सानं लिंबाचं रोप लावलं.
आई, लिंबाला दोनसुद्धा जड जातात,
मी मोडक्या अरबीत म्हणालो,
बोटं दाखवली : दोन. नऊ.
तिनं माझी बोटं मिटवून हातात परत दिली.

पाच वेळच्या वजूचं पाणी ती आता घमेल्यात धरते.
नळाचं पाणी, त्याच समुद्रातून काढलेलं,
कारखान्यात गोडं करून पाठवलेलं.
खाली खारा भाऊ, वर गोडा,
मध्ये वीतभर कुजलेली माती
आणि अकरा पानांचं लिंबू.
तीन पानांच्या कडा जळल्यात.
अहवालात ह्याला रकाना नाही.

काल सगळे नमाजाला गेल्यावर
मी आळ्याजवळ उकिडवा बसलो.
बारा वर्षं ह्या देशाचं मीठ खातोय म्हणतो मी घरी फोनवर,
पण असं, खरंखुरं, कधी खाल्लं नव्हतं.
चिमूटभर माती जिभेवर ठेवली.
आधी धूर, मग शेळी, मग कुठेतरी मागे मासळी,
आणि खारटपणा यायला
वेळ लागला.

मीटर गाडीतच राहिला होता.