शेऱ्याचा रकाना

घणसोली, सेक्टर सात, तिसरा मजला.
टबात भिजत घातल्यात खापऱ्या:
पिशवी चौदा, खड्डा ब, थर तिसरा.
मी ब्रश चालवते. मऊ दातांचा, लहान मुलांचा.
औषधाच्या दुकानात एकदम दोन घेतले होते,
एक खापऱ्यांना, एक आईच्या कवळीला.
निळा कुणाचा, हिरवा कुणाचा
हे दाराला चिकटवून ठेवलंय.

टेकाड इथून रिक्षाने वीस मिनिटं,
खाडीच्या अंगाला, विजेच्या मोठ्या तारांखाली.
दोन महिन्यांत तिथे गोदाम उभं राहील,
तोवर निघेल ते आपलं.
मी तिथे शेवटची उतरले संकष्टीला.
त्या संध्याकाळी आई मोरीत बसली
आणि उठली तेव्हा अर्धीच उठली.

आता सारंग फोनवर खड्डा दाखवतो.
फोन हलतो, कड हलते. मी म्हणते, थांब,
ती राखेची रेघ, तिच्यावर सावली धर.
तो सावली धरतो. मागे त्याची लेक रडते,
पावणेदोन वर्षांची, घमेल्यात बसवलेली,
कारण पाळणाघर बुधवारी बंद.
भीमीबाई तिला चिखलाची भाकर थापून देतात.
भीमीबाईंचा नवरा डायलिसिसवर.
सोमवारी आणि गुरुवारी त्या येत नाहीत.
हजेरीपटावर एवढंच: खाडा.

मार्चात एक जाहिरात आली होती.
उमेदवाराची शिबिरात पूर्णवेळ निवासी राहण्याची तयारी हवी.
आईच्या पाठीला पावडर लावता लावता
दुसऱ्या हातात फोन धरून वाचली.
मग कूस बदलायची वेळ झाली.
भिंतीवर तक्ता आहे, दर दोन तासांनी:
डावी, पाठ, उजवी, डावी.
चारच्या रकान्यात वेगळं अक्षर, लोचनामावशींचं,
त्या आल्या तर.

कुणीतरी कौतुकाने म्हणालं,
आईसुद्धा उत्खननच की गं, थरावर थर.
मला राग आला.
खड्ड्यात आपण थर उचलतो आणि तो थर संपतो,
परत ठेवता येत नाही.
आईला मी रोज परत ठेवते.
उशी. चादर. कोपराखाली गुंडाळलेला टॉवेल.

शुक्रवारी खापऱ्या पेपरवर वाळत होत्या
तिच्या खाटेशेजारी, त्या खोलीतला पंखा बरा म्हणून.
डाव्या हाताने तिने एक उचलली, काठाची, बोटभर,
आणि तोंडात घातली.
मी ओरडले. कवळी, घसा, नोंद क्रमांक,
सगळं एकदम डोक्यात आलं.
पहिल्या शिबिरात शिकवलं होतं आम्हाला,
हाड की दगड कळेना तर जीभ लावा, हाड चिकटतं.
सगळे हसलो होतो. सगळ्यांनी लावली होती.
आईने खापरी गालात फिरवली, बिस्किटासारखी,
आणि सतरा दिवसांनी शब्द काढला.
खारी.

तेवीस वर्षं मिठागरात टोपल्या वाहिल्यात तिने.
टाचांच्या भेगा अजून आहेत, तेल मीच लावते.
खापरी दोनदा धुतलेली, नळाच्या पाण्यात.
मी चाखून पाहिली. मला काही लागलं नाही.
दार लोटून पुन्हा पाहिली.

वहीत लिहिलं:
रंग विटकरी, जाडी सात मिलिमीटर, आतून काजळी.
शेऱ्याचा रकाना बहुतेक मोकळाच राहतो.
तिथे लिहिलं: चव खारी, सांगणार आई, पुन्हा तपासावी.
सारंग म्हणाला, हे अहवालात जायचं नाही.
म्हटलं, माहीत आहे.
त्याच्याकडे घमेलं उलटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पावणेपाचला बेल वाजली.
लोचनामावशी, घामाघूम.
सासूला पुन्हा ताप होता, म्हणाल्या,
तिला शेजारणीकडे बसवून आले.
चारची कूस राहिली होती.
दोघींनी मिळून वळवलं तिला, खाडीकडे तोंड करून.
मूठ मिटलेलीच होती.
खापरी मी अजून मागितलेली नाही.