नमुना क्रमांक ३०८

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
वजनकाट्यांच्या दुकानावर आमची लॅब.
दिवसभर येतात नळाच्या तोट्या, बुशिंगं,
कुणीतरी नाकारलेले व्हॉल्व्ह.
आज कंदी पेढ्यांच्या डब्यातून
कापसात गुंडाळलेला बिल्ला निघाला.

रणधीर जगदाळे, राहणार मानपाडा.
आजोबा मराठा पलटणीत, म्हणाले, इटलीत होते.
चव्वेचाळीस साली एका नदीच्या काठी
चिखलात सापडला.
कुणाच्या अंगावर होता, ते त्यांनी सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.
"जर्मन सिल्व्हर आहे ना? म्हणजे चांदीच."

मी म्हणाले, जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते.
तांबं, निकेल, जस्त. चांदी फक्त नावात.
आमच्या घरी तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही
जर्मनच म्हणायचे.
ते हसले नाहीत.

लंबगोल. काठाला पानांची माळ,
आडव्या-तिडव्या दोन तलवारी, वर शिरस्त्राण,
शिरस्त्राणावर तिरकं उभं केलेलं स्वस्तिक.
त्याच्या कोनांत लालसर काहीतरी गच्च बसलेलं.
"आई दसऱ्याला शस्त्रांशेजारी ठेवायची,
शुभ चिन्ह म्हणून हळदकुंकू वाहायची.
आजोबा तेवढा वेळ उठून अंगणात जायचे."

मशीन टेकवलं. तीस सेकंद.
जस्त अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर.
शिसं नावाला.
चांदी, एका खोबणीत, असल्यासारखी.
आणि कॅल्शियम.
ते जर्मनीचं नव्हे,
ते कुंकवातल्या चुन्याचं.

मग सांगावंच लागलं.
युद्धाच्या सुरुवातीला हे पितळेत ठोकायचे,
तांबूस, जड, बोटांना जाणवेल असं.
पुढे पितळ काडतुसांना लागायला लागलं
आणि जखमी वाढत गेले.
तीनदा जखमी झाला की हा मिळायचा,
जस्ताचा, वर रुप्याचं पाणी दिलेला.
पाणी उडून गेलं.
आपण म्हणतो, पितळ उघडं पडलं.
इथे उघडं पडायला पितळही नव्हतं.

"म्हणजे खोटा?"
नाही हो. चांदीचा निघाला असता
तर मला शंका आली असती.

बाबा याच रस्त्याला, पलीकडच्या गेटात,
एकवीस वर्षं जस्त ओतत होते.
दाराच्या मुठी, कपाटांची हँडलं.
चारशे वीसला वितळतं, म्हणायचे,
नाव चारसोबीस, स्वभाव गरीब.
भट्टी जास्त तापली की सोमवारी रात्री हुडहुडी भरायची,
तोंडाला गोडसर चव,
मंगळवारी पुन्हा कामावर.
त्या तापाचा कुठे हिशेब नाही.
कंपनीला टाळं लागलं त्या महिन्यात
त्यांना एक बिल्ला दिला,
दातेरी चक्र, सोनेरी मुलामा, मागे पिन.
माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
मशीन तिथून चार पावलांवर.

रिपोर्ट टाइप केला. पाचशे रुपये, जीएसटी वेगळा.
"वस्तूचा वापर" हा रकाना मोकळा राहिला होता.
विचारलं, काय लिहू?
रणधीरराव डब्याला रबरबँड लावत होते.
जरा थांबले.
"लिहा," म्हणाले, "घरगुती."