बारा व्होल्ट

एप्रिल उजाडला की माझ्या गॅरेजसमोर
छोट्या मेलेल्या गाड्या येऊन थांबतात.
म्हणजे ओढून आणलेल्या असतात,
दोरीने, घसरगाडीवरून,
एकदा तर एका बाईने कडेवर घेऊन.

डलुथमध्ये सपाट असं काही नाही.
सगळे रस्ते सरोवराकडे तोंड करून कलंडलेले,
आणि खेळण्यातल्या मोटारीला चढ कळत नाही,
ती फक्त तापते.
शिवाय बॅटरी शेडमध्ये विसरायची,
उणे तीसमध्ये, पाच महिने,
आणि बर्फ वितळला की म्हणायचं, परवापर्यंत चालत होती हो.
परवा नाही, ऑक्टोबरात.
मी हे बोलत नाही. मीटर लावतो.
चार पूर्णांक दोन.
लोक डॉक्टरकडे बघावं तसं माझ्या तोंडाकडे बघतात.

चाळीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर वायरमन होतो.
चारशे ऐंशी व्होल्ट. चुकलं तर माणूस जायचा.
इथे बारा. चुकलं तर
कुणीतरी अंगणाच्या मधोमध बसून रडतं.
हाताला हा फरक कळत नाही.
तो अजूनही तितकाच जपून आत जातो.

गाडी उलटी केली की आधी वाळू पडते.
मग मनुके, केसांचा चाप, एका बाहुलीचा एकच बूट.
हे सगळं मी एका डब्यात ठेवतो
आणि गाडीबरोबर परत देतो. बूट कुणी नाकारलेला नाही.

मॅरेन पाच वर्षांची. तिची जांभळी जीप.
आजारी वासराच्या कपाळावर ठेवावा
तसा बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, म्हणाली,
बाबाने हिला फास्ट केलं होतं.

केलं होतं खरं.
बारा व्होल्टच्या मोटारीला ड्रिलची अठराची बॅटरी.
पहिल्या गिअरचे दात माझ्या दातांसारखे झालेले.
फ्यूजच्या जागी नुसती तांब्याची तार,
आणि सीटखाली एक जोड:
सोल्डर नाही, काही नाही, दोन वायरी पिळलेल्या
आणि त्यावर अर्धं रीळ काळी टेप.
मी आईच्या भाषेत एक शिवी हासडली.
फिनिशमध्ये आता माझ्याकडे शिव्याच उरल्यात.
मग चष्मा पुसून पाहिलं तर
टेपच्या डिंकात त्याच्या अंगठ्याचा ठसा.

जानेवारीत त्याने पाय काढता घेतला
असं पलीकडची मिसेस लुओमा सांगते.
बोटीवर गेला म्हणते, कधी म्हणते फार्गोला.
मला तो माहीत नाही. त्याचं काम माहीत आहे.
वाईट काम होतं,
पण रात्री केलेलं असावं, बॅटरी तोंडात धरून,
सकाळी कुणीतरी किंचाळावं म्हणून.

नवा गिअर घातला. ग्रीस. तीस अँपियरचा फ्यूज.
बॅटरी बाराचीच.
जोड कापायला पक्कड उचलली,
आणि ठेवली.
मग त्याच्या शेजारून माझी एक वायर नेली,
नीट, सोल्डर करून, आतल्या बाजूने.
वीज आता माझ्या वायरीतून जाते.
त्याचा जोड जागच्या जागी आहे,
त्याला काही काम नाही.
धक्क्यावर कुणी असं केलं असतं
तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

शनिवारी ती आली. आधी सीट उचलून पाहिली.
बाबाचं आहे ना अजून?
आहे, म्हटलं.
फाटकापर्यंत जाऊन आली, कपाळाला आठी.
हळू झालीय.
चढ आहे, मी म्हणालो.
तिने मागे वळून रस्ता पाहिला. ती उतारावर होती.

मग मी तिला पेडल दाखवलं.
पाय ठेवला की निघते, काढला की थांबते,
ब्रेक वेगळा नसतो.
तिने काढला. थांबली.
ठेवला. निघाली. परत काढला.
पोस्टाच्या पेटीपर्यंत हेच चाललं होतं,
दर दोन हातांवर,
आणि प्रत्येक वेळी थांबल्यावर
ती खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होती.