सात सेकंद

सोहारची शाळा, सहावी ‘ब’.
मुलं बोलतच नाहीत, ही माझी तक्रार.
मुबीना मॅडम म्हणाल्या, आधी मोजा.

फोन टेबलावर ठेवून तास रेकॉर्ड केला.
रात्री इस्त्री करता करता ऐकला:
प्रश्न माझा,
दीड सेकंदात उत्तरही माझंच.
ओढणीवर इस्त्री तशीच राहिली.
करपल्याचा वास.

आता विचारते
आणि जीभ दातांत धरून ठेवते.
एक. दोन. एसीची घरघर.
चार. बाहेर पाण्याचा टँकर मागे येतोय.
सहाला राहवत नाही,
मार्करचं टोपण चावते.

सातव्याला शेवटच्या बाकावरून
निहाल, एप्रिलपासून गप्प असलेला:
“मिस, ओहोटीला पाणी
नेमकं कुठे जातं?”

मी विचारलं होतं भलतंच.
वहीत रकाने दोनच आखलेत,
बरोबर आणि चूक.