अग्रणीतली टिटवी

बेदाण्याच्या शेडवर राखणीला बयाजीमामा.
कवठ्याच्या अलीकडं, माळावर.
जाळीवर बारावा दिवस, अजून तीन लागतील.
त्याला आभाळ कोरडं हवंय,
आणि डोळे जन्मभर शिकलेत
ते पावसाच्या वाटेकडं बघायला.

चंद्राला खळं पडलंय. मोठं, सैल.
आत जेवढ्या चांदण्या तेवढे दिवस, बाप सांगायचा.
मामा बोटानं मोजतो. एकच.
पुन्हा मोजतो.

मिठाच्या बरणीत चमचा फिरत नाही.
तंबाखू मऊ पडलीय, मळताना वाजत नाही.
चुलीचा धूर वर जायचं सोडून
पत्र्याखालीच रेंगाळतोय,
काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा.
आणि मुंग्या: पांढरी अंडी तोंडात धरून
बांधावर चढतायत, कुणाला न विचारता.

मालक तासगावात, सौद्याला.
"मोबाईल काय म्हणतोय?"
"निरभ्र म्हणतोय, मामा. झोपा की."

मामानं रात्रभर ताडपत्र्या बांधल्या,
चारी बाजूंनी, सुतळीच्या दुहेरी गाठी.

उजाडलं तर आभाळ राखेनं घासलेलं ताट.
थेंब नाही.
खाली पात्रात मात्र पाणी होतं.
म्हैसाळचं आवर्तन. परवा सोडलेलं,
पाटाच्या फुटक्या अस्तरातून झिरपत
बांधाच्या बुडाशी पोचलेलं.
मुंग्या खऱ्या निघाल्या.
पाऊस विजेच्या बिलावर चढून
खालच्या अंगानं आला होता,
आणि त्याच्यासाठी बापाकडं म्हण नव्हती.

टिटवीनं यंदा ऐन पात्रात घातली होती,
गोट्यांत गोट्यासारखी चार अंडी.
म्हणजे साल कोरडं. तिनंही आभाळच वाचलेलं.
आता ती पाण्यावर घिरट्या घालत ओरडत होती,
आणि पाणी दोन वितींवर.

मामानं धोतर खोचलं. दगड उचलून
अंड्यांभोवती अर्धा वेढा केला.
टिटवी त्याच्याच डोक्यावर टोच मारायला आली.
"मार बाई," म्हणाला, "माझंबी चुकलंच."

दुपारी मालकाचा फोन:
"माल घामेजंल, ताडपत्र्या सोडा आधी."
मामानं पूर्वेची सोडली, उत्तरेची सोडली,
दक्षिणेची गाठ दातानं सोडवली.
पश्चिमेची तशीच ठेवली.

खळ्यात चांदणी होती एक.
तिचा दिवस मावळायला
अजून कासराभर ऊन होतं.